सव्वा व्होल्टाच्या आसपास

हंगामात बावड्याहून अकलूजकडे निघालेल्या माणसाने वेगाचा विचार सोडून द्यावा. दिवाळी झाली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत रस्ता उसाचा होतो. पुढे डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढे आणखी एक, मध्येच बैलगाड्यांची रांग. ट्रॉलीतून लोंबणाऱ्या मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या, म्हणून ओव्हरटेक करायचा तर समोरचं पार लांबपर्यंत दिसायला हवं. त्यात हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंतच्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी झालं. पुढे काम चाललं होतं तोवर कुठे डायव्हर्शन, कुठे मुरूम, कुठे एकाच अंगाने दोन्हीकडची वाहतूक. माझं गॅरेज याच रस्त्याला आहे. हे सगळं आधी सांगतोय, कारण ज्या गाडीबद्दल लिहायचं आहे तिचा आजार या रस्त्यावाचून कळायचा नाही.

गाडी दोन माणसांची, छप्पर मागे पाडता येणारी, लाल. पहिला मालक परदेशात नोकरीला होता, त्याने ती तिकडून आणलेली. तिथून ती पुण्यात एकाकडे गेली आणि मग आमच्या भागातल्या एका बागायतदाराच्या मुलाने घेतली. वय झालेली गाडी, पण इंजिन नीट राखलेलं. सोळा वॉल्व्हचं, पेट्रोलचं, आणि थ्रॉटलला अजून तारेची केबल. पाय दाबला की केबल ओढली जाते आणि थ्रॉटल बॉडीतली पितळी चकती फिरते. मध्ये कुठली मोटर नाही. मला अशा गाड्या फार आवडतात. आपल्याकडेही अशी गाडी करून बघायचे प्रयत्न झाले. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची छोटी दोन दारांची गाडी बनली, फायबरच्या बॉडीची, रेनॉच्या इंजिनावर चालणारी. दिलीप छाब्रियांच्या डीसीने 2012च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवंती दाखवली. आमच्या पट्ट्यात मात्र गाडी म्हणजे आधी ट्रॅक्टर, मग पिकअप आणि मग घरची कार. त्यामुळे ही लाल गाडी गॅरेजसमोर उभी राहिली की शाळा सुटल्यावर पोरांचा घोळका ठरलेला.

तक्रार अशी. मुलगा म्हणाला, "मेस्त्री, पळवली की काही होत नाही. हळू चालवली की झटके मारते. ट्रॉलीच्या मागं तिसऱ्या गिअरमधी चाळीसवर धरली की कुणीतरी मागनं ओढल्यासारखं होतं, मग एकदम पुढं फेकती."

ही दोन-तीन वाक्यं फार मोलाची होती. गिऱ्हाईक बहुतेक वेळा "मिसिंग करते" एवढंच सांगतं आणि त्यात प्लगपासून पिस्टनपर्यंत काहीही बसतं. याने मात्र गिअर, वेग आणि पाय किती दाबलेला होता हे तिन्ही सांगितलं. तरीही त्याच्या आधीच्या वर्कशॉपात प्लग बदलले गेले होते, प्लगच्या वायरी बदलल्या होत्या, पेट्रोलचा पंपसुद्धा नवा टाकला होता. स्कॅनर लावला तर कोड येत नव्हता, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागत नव्हता. दिवा नाही म्हणजे सेन्सर ठीक, असं धरून बाकीचं बदलत गेले. हजारो रुपये गेले आणि झटका होता तिथेच राहिला.

गावात एव्हाना वेगळंच निदान पक्कं झालं होतं: इथेनॉल. फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि तेव्हापासून ॲव्हरेज पडलं, गाडी उशिरा चालू झाली, सायलेन्सर वाजला, सगळ्याला कारण तेच. मुलाचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, यावर चिडायचे. त्यांचं म्हणणं, आपलाच ऊस, आपल्याच मळीचं इथेनॉल, आणि नावं ठेवायला आपणच पुढं. मला दोन्ही बाजू कळत होत्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. ते पाणी धरतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी पाइपांना काही वेळा सोसत नाही. ही गाडी जुनी, तेव्हा शंका अगदीच हवेतली नव्हती. पण शंका आली तर तपासायची, नुसती बोलत बसायची नाही. निशाण्या असलेल्या काचेच्या नळीत टाकीतलं 80 मिली पेट्रोल घेतलं, 20 मिली पाणी घातलं, हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, म्हणून खालचा पाण्याचा थर वाढतो. वीस टक्क्यांचं पेट्रोल असेल तर तो 35च्या आसपास येतो, आणि तसाच आला. टाकीच्या तळाचं पेट्रोल बाटलीत धरून उन्हात बघितलं, त्यात सुटं पाणी नाही की गाळ नाही. पाइप दाबून, वाकवून बघितले, कुठे चीर नव्हती. पेट्रोल खराब असतं तर भरधाव पळवताना आधी दम तुटला असता, कारण तेव्हा ते सगळ्यांत जास्त लागतं. इथे उलटं होत होतं. इथेनॉलला मी त्या दिवशी मोकळं केलं. आबांना फार बरं वाटलं.

ट्रायलला मी स्वतः बसलो. मुलाला चालवायला लावलं आणि मी बाजूला बसून त्याच्या पायाकडे बघत राहिलो. सराटीच्या बाजूला थोडं गेलो तर पुढे ट्रॉली मिळालीच. पाय स्थिर, काटा चाळीसच्या खाली, आणि झटका आला. इंजिन क्षणभर मेल्यासारखं झालं आणि लगेच जास्तच जोरात उठलं. पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर त्याला म्हटलं, आता तळापर्यंत दाब. गाडी रेशमासारखी सुटली. परत पाय हलका केला, परत झटका. इंजिन जितकं तापलं तितके झटके वाढले.

मेलं आणि मग जास्त उठलं, यावरच माझा विचार थांबला. प्लग किंवा कॉईल चुकत असेल तर इंजिन ठेचकाळतं, पण त्यानंतर जास्तीचा जोर येत नाही. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी दमते. तीसुद्धा पुढे फेकत नाही. आधी तोडून मग जास्तीचं देण्याचं काम इंजिनातला एकच जण करू शकतो: इसीएम, म्हणजे गाडीचा संगणक. आणि तो हे स्वतःच्या मनाने करत नाही. त्याला कुणीतरी सांगतं की ड्रायव्हरने पाय काढला, आणि पुढच्याच क्षणी सांगतं की परत दाबला.

हे सांगणारा म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. थ्रॉटलच्या चकतीच्या दांड्यावर एका टोकाला बसवलेली काळी डबी, जेमतेम काडेपेटीएवढी. आत कार्बनच्या लेपाची अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावरून फिरणारी बारीक धातूची बोटं. तीन वायरी: एकीवर इसीएमकडून 5 व्होल्ट येतात, दुसरी अर्थ, तिसरी निरोप परत नेणारी. चकती बंद असेल तेव्हा तिसऱ्या वायरीवर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की चारच्या वर. जुन्या रेडिओचा आवाजाचा खटका याच रचनेचा. तो खटका वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवला की नेमका तिथेच खरखरायला लागतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना पुढचं सगळं समजेल.

धावत्या गाडीत थ्रॉटल बंद झाल्याचा निरोप आला की इसीएम पेट्रोल तोडतो, उतारावर पाय काढल्यावर तोडतो तसंच. व्होल्टेज एकदम वर चढलं की त्याला वाटतं ड्रायव्हरला जोर हवाय, मग तो क्षणभर जास्तीचं पेट्रोल देतो. पट्टीवर एका जागी संपर्क तुटत असेल तर हे दोन्ही लागोपाठ होतं. ड्रायव्हरचा पाय मात्र तसूभरही हललेला नसतो. आणि दिवा का लागत नाही? कारण ही तुटातूट डोळ्याची पापणी लवेपर्यंतसुद्धा टिकत नाही. कोड नोंदवायचा तर बिघाड काही वेळ सलग दिसावा लागतो. स्कॅनरवर कोड नाही याचा अर्थ इसीएमला नोंदवण्यासारखं काही सापडलं नाही, इतकाच घ्यायचा. गाडी निरोगी आहे असं त्याने कुठे म्हटलेलं नसतं. या फरकापायी आज किती गिऱ्हाइकांचे पैसे वाया जातात ते मी रोज बघतो, आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो.

आता सिद्ध करायचं होतं. नुसतं वाटतंय म्हणून सेन्सर बदलायचा, तर आधीच्यांनी पंप बदलला त्यात आणि माझ्यात फरक काय?

चावी चालू, इंजिन बंद. कप्लर न काढता, वायरीच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी घालून आधी 5 व्होल्ट बघितले. पूर्ण होते. मग अर्थ. यात घाई करायची नाही, कारण जुन्या गाडीत अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असला की सगळेच सेन्सर खोटं बोलायला लागतात. अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टचे काही हजारावे भाग, म्हणजे नसल्यासारखेच. मग कप्लर हलवला, वायरिंग ओढून वाकवून बघितलं. काही फरक नाही. राहिली तिसरी वायर.

डिजिटल मीटर लावला आणि चकती हाताने हळूहळू उघडली. आकडे अर्ध्यापासून सव्वाचारपर्यंत चढत गेले, सरळ. इथे बरेच जण थांबतात आणि सेन्सरला पास करतात. पण साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधल्या वेळात घडलेलं तो दाखवत नाही. माझ्याकडे माझ्या उस्तादांचा काट्याचा मीटर आहे. पोरं त्याला भंगारात काढायला निघाली होती. तो लावला. काटा उठला, एक व्होल्ट ओलांडून सव्वाच्या आसपास आला आणि थरथरून खाली पडला. लगेच उठला आणि पुढे शेवटपर्यंत सरळ गेला. चकती मागे आणली. उतरतानाही त्याच जागी थरथर. वेगाने फिरवली तर काहीच दिसेना. बोटं ती जागा क्षणात ओलांडून जातात, म्हणून तळापर्यंत पाय दाबल्यावर झटका येत नव्हता.

गरम झाल्यावर त्रास का वाढतो तेही बघायचं होतं. शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचं मशीन मागून आणलं आणि डबीवर गरम हवा सोडली. काट्याची थरथर वाढली, जागाही थोडी रुंदावली. सलूनवाला मशीन परत न्यायला आला तो तिथेच उभा राहून बघत राहिला.

आबांचा पुतण्या बारामतीला विद्या प्रतिष्ठानच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याला कळल्यावर तो प्रोजेक्टसाठी घेतलेला छोटा ऑसिलोस्कोप घेऊन आला. पडद्यावर चकती उघडताना चढती रेघ, आणि सव्वा व्होल्टापाशी तिच्यात सुईसारख्या खाली गेलेल्या तीन-चार रेघा. माझ्या काट्याने जे सांगितलं होतं ते पोराच्या पडद्यावर मोजून दिसलं. एकेक तुटणं सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढंही नव्हतं. पोरगा म्हणाला, "काका, हे आम्हाला पुस्तकात आहे, पण खराब झालेला सिग्नल मी आजच बघितला." मी त्याला काटा कसा वाचायचा ते दाखवलं, त्याने मला स्कोपचा ट्रिगर कसा लावायचा ते शिकवलं. त्या दुपारी गॅरेजात दुसरं काम झालं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सेन्सर मिळेपर्यंत वेळ गेला. तो मिळेस्तोवर काही करा, असा मुलाचा आग्रह. अशा डबीच्या स्क्रूची भोकं लांबट असतात. डबी जरा फिरवून बसवली की घासलेली जागा पायाच्या नेहमीच्या जागेवरून सरकते आणि झटका तात्पुरता पळतो. पण तसं केलं की थ्रॉटल बंद असतानाचं व्होल्टेज चुकतं, इसीएमला आयडलिंग ओळखता येत नाही, आणि चौकात थांबलेली गाडी रेस धरते किंवा बंद पडते. गिऱ्हाइकाला एका दुखण्यातून सोडवून दुसऱ्यात घालायचं मला पटत नाही. मी नाही म्हटलं. गाडी शेडमध्ये उभी राहिली.

नवा सेन्सर आल्यावर बसवण्यात फार काही नव्हतं. आधी थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ केली, कारण चकती पूर्ण मिटत नसेल तर बंद असतानाचं माप खोटं येतं. मग दोन्ही स्क्रू सैल ठेवून, मीटरकडे बघत, डबी केसाकेसाने फिरवून व्होल्टेज मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणलं आणि आवळलं. आवळताना डबी सरकते म्हणून परत मोजलं. काट्याने खालपासून वरपर्यंत एकदाही मान झुकवली नाही.

मला खरी ओढ होती ती जुनी डबी उघडायची. झाकण चिकटवलेलं असतं, ब्लेडने कापून काढलं. आत काळी चकचकीत पट्टी. आरंभापासून थोड्या अंतरावर, बोटाच्या नखाएवढ्या लांबीत, काळा लेप जाऊन खालचा तपकिरी थर उघडा पडला होता. त्यापुढे पट्टी फिकट होत गेलेली, आणि अर्ध्यानंतर तर कारखान्यातून निघाली तशी काळीभोर, ओरखडासुद्धा नाही. मी ती मुलाच्या हातावर ठेवली. तो बराच वेळ बघत राहिला. दोनशेच्या वर जाणाऱ्या गाडीची पट्टी तिच्या वेगाच्या जागी कोरी होती. सगळी झीज पाव थ्रॉटलच्याही आत. पुण्यातली गर्दी, इंदापूरपर्यंतची डायव्हर्शन आणि हंगामभर ट्रॉलीच्या मागे धरलेला तो चाळीसचा वेग, सगळं त्या नखाएवढ्या जागेत घासलं गेलं होतं. आबा म्हणाले, "म्हंजे उसानंच खाल्ली की ही." इथेनॉलला मोकळं केलेलं आठवून सगळे हसले, पण आबांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच होतं.

त्या पट्टीने माझी विचारण्याची पद्धत बदलली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता बऱ्याच दुचाकींच्या थ्रॉटल बॉडीवर अशी डबी असते, आणि खेड्यातल्या मेस्त्रीला ती टाळता येत नाही. गाडी आली की मी आधी विचारतो: रोज कुठं जातोस, कसा जातोस, हात किती पिरगाळलेला असतो? दुधाचे कॅन बांधून वस्ती-वस्तीवर थांबत जाणाऱ्याची पट्टी अगदी सुरुवातीला घासलेली सापडते, कारण त्याचं सगळं आयुष्य निघणं आणि थांबणं यातच जातं. तो सांगतो, "सुटताना आचका देती." पहाटे बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा पोरगा तासभर एकाच वेगाने मूठ धरून असतो. त्याच्या गाडीचा त्रास वरच्या आकड्यावर असतो, आणि तो सांगतो की साठला खोकते. मी काटा लावतो तेव्हा चकती कुठल्या जागी हळू फिरवायची हे मला आधीच ठाऊक असतं. नव्या कारमध्ये हे वाचन संपत चाललंय. तिथे चुंबकावर चालणारे, न घासणारे सेन्सर आहेत. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये एकाच्या जागी दोन सिग्नल असतात आणि इसीएम दोघांचा ताळा सतत बघतो, ताळा चुकला की लगेच दिवा लावून गाडी हळू करतो. त्यांच्यासाठी मी आता स्वतःचा स्कोप घेतलाय.

राहिला हिशोब. मुलगा पैसे द्यायला आला तेव्हा कागदावर सेन्सरची किंमत होती, आणि तिच्या वर तपासणीचे पैसे वेगळे लिहिलेले. तपासणीचा आकडा मी लपवला नव्हता. आमच्या धंद्यात वस्तूचे पैसे गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं, पण शोधण्याचे मागितले की म्हणतं, नुसतं बघितलंच ना? म्हणून मेस्त्री शोधत नाही, वस्तू बदलत जातो, कारण त्याचं पोट वस्तूवर चालतं. त्या लाल गाडीत आधी बदललेल्या पंपाचं, प्लगचं, वायरींचं बिल मी त्याच्यापुढे ठेवलं आणि शेजारी माझं. त्याने दोन्ही बघितली. आबा मागे उभे होते, ते म्हणाले, "दे रे, बघितल्याचेच दे आधी."

तेव्हापासून माझ्या बिलबुकात पहिली ओळ तपासणीची असते. मोटरसायकलला कमी, कारला जास्त, आणि दोष सापडला नाही तर शून्य.